पेशंट ते, धाप मला

आमच्या घरात हृदयाचे पेशंट म्हणजे हे. मी नव्हे. हे इतकं ठरून गेलेलं होतं, की माझ्याही छातीत काही बिघडू शकतं असा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

यांना झटका आला तो हडपसरच्या आमच्या जमिनीच्या उरल्यासुरल्या तुकड्यात, मेथीच्या वाफ्याला पाणी देताना. बाकीची जमीन केव्हाच इमारतींखाली गेली होती. हे कारखान्यातून निवृत्त झाले, त्यानंतर वर्षभराने मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून यांचा जीव त्या वाफ्यांत अडकलेला. त्या सकाळी हे घामाने निथळत घरी आले, खालच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "छातीवर पोतं ठेवल्यागत व्हतंय." मुलाने गाडी काढली. वेळेत पोचलो. स्टेंट बसवली आणि जीव वाचला. पण हृदयाचा काही भाग कायमचा अशक्त झाला. "पंपिंग कमी झालंय," असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तो शब्द जो आमच्या घरात मुक्कामाला आला तो हललाच नाही.

पंपिंग कमी, म्हणून यांनी पिशवी उचलायची नाही. पंपिंग कमी, म्हणून सिलेंडर सरकवायचा नाही, गच्चीवर जायचं नाही, वाफ्यांकडे तर बघायचंही नाही. मुलगा आयटीत, त्याने ऑफिसातून फोनवर फर्मान काढलं, "बाबा, तुम्ही फक्त रिलॅक्स करायचं. बाकी आम्ही बघतो." 'आम्ही' म्हणजे कोण, ते सांगायची गरज नव्हती. तो आणि सून दिवसभर ऑफिसात. म्हणजे मीच.

जन्मात न बसलेला माणूस खुर्चीत बसला. सकाळी पेपर, दुपारी टीव्ही, संध्याकाळी खिडकी. भेटायला येणारे लोक यांच्याशी हळू आवाजात बोलायचे, जणू मोठ्याने बोललं तर काहीतरी फुटेल. दूध घेऊन मी दुसऱ्या मजल्यावर जिना चढून यायची, कारण ते खालच्या दुकानात मिळायचं आणि आणायचं काम आता माझं होतं. दारात पोचले की मला थोडं थांबावं लागायचं. मी ते थांबणं चप्पल काढण्यात घालवायची. कुणाच्या लक्षात आलं नाही.

डॉक्टरांनी यांना एकच काम दिलं होतं, रोज चालायचं. कालव्याच्या कडेने चांगला रस्ता आहे, तिथे आम्ही सकाळी जायचो. हे चालणार, आणि मी सोबतीला, पर्समध्ये यांची जिभेखाली ठेवायची गोळी घेऊन. सुरुवातीला हे हळू चालायचे, तेव्हा आमचं जमलं. दोनतीन महिन्यांत यांचे पाय मोकळे झाले आणि मी मागे पडायला लागले. हे वळून बघायचे. मग मला कारण लागायचं. कधी कण्हेरीला फुलं किती आलीत ते बघायचं, कधी फोन आल्यासारखं करायचं, आणि काहीच सुचलं नाही तर चपलेत खडा गेला म्हणायचं.

"तुझ्याच चपलेत बरा रोज खडा जातोय," एकदा हे म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुलाला सांगून माझ्यासाठी बूट मागवले. पांढरे, जाड तळव्याचे. साडीवर बूट घालून मी कालव्यावर चालायला लागले. आता खड्याचंही कारण गेलं.

दम लागतोय हे मला कळत होतं. पण मला वाटायचं, साठी उलटली, वजन वाढलं, ब्लडप्रेशर शाळेत शिकवत असल्यापासूनच आहे, साखरही थोडी आहे, मग दम लागणारच. तरी एकदा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कार्डिओग्राम काढला, छातीची सोनोग्राफी करून आणायला सांगितलं. मी टेबलावर स्वस्थ पडले, मशीन फिरली, आणि रिपोर्ट आला. पंपिंग उत्तम. वयोमानाप्रमाणे किरकोळ बदल. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही. वजन जरा कमी करा." खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. एका घराला एक पेशंट पुरे असतो.

पुढे जे झालं ते मंडईत झालं. सुनेच्या माहेरची माणसं जेवायला यायची होती. भाजी हडपसरलाही मिळते, पण यांचं म्हणणं, अळू आणि घेवडा मंडईचाच. खुर्चीतून उठायला यांना तेवढंच निमित्त. बसने गेलो. खरेदी झाली आणि दोन्ही पिशव्या माझ्या हातात. हे बाजूने हात मागे बांधून चालत होते, सवयीने. गाळ्यांच्या मधून बाहेर येता येता माझी छाती भरून आली. दुखत नव्हतं. श्वास आत घेतला तरी घेतल्यासारखा वाटेना. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि एका भाजीवालीच्या रिकाम्या पोत्यांवर बसले.

भाजीवालीने मला पाणी दिलं. शेजारून एक गृहस्थ चालले होते, हातात कोथिंबिरीची एकच जुडी. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्या मागे बांधलेल्या हातांकडे.

"आजोबा, हात जपून ठेवलेत का? चांगलं आहे. पुढे उपयोगी पडतील," ते म्हणाले आणि निघून गेले.

हे लाल झाले. त्या माणसाला हाक मारून सांगावं तरी काय, की मीच पेशंट हाय? तेवढ्यात तो गर्दीत दिसेनासाही झाला. हे वाकले, दोन्ही पिशव्या उचलल्या आणि चालायला लागले. मी मागून ओरडले, "अहो, ठेवा त्या! तुम्हाला सांगितलंय ना?" यांनी ऐकलं नाही. रिक्षापर्यंत सरळ चालत गेले. मी पोचले तोवर पिशव्या आत ठेवून, रिक्षावाल्याशी बोलत उभे. कपाळावर घामाचा थेंब नाही, श्वास जागेवर.

रिक्षा निघाली. मग हे म्हणाले, "दम मला लागायला पायजे. तुला का लागतोय?"

"वय झालं."

"मी काय तुझ्यापेक्षा ल्हान हाय?"

पुढच्या आठवड्यात यांची तपासणी होती. यांच्या हृदयाच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, बोलायला मोकळ्या, पण कामात चोख. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. मी नेहमीप्रमाणे यांची फाइल उघडून बसले. मॅडम स्टेथोस्कोप कानाला लावणार, तोच हे म्हणाले, "माझं ऱ्हाऊ द्या. आज हिला बघा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "काकू, काय होतंय?"

"काही नाही हो. यांचं आपलं..."

"जिना चढली की दारात उभी ऱ्हाती," हे म्हणाले. "चप्पल काढायला येवढा वेळ लागतो व्हय कुणाला? कालव्यावर दर चार हातांवर फुलं बघती. आन् मंडईत बसलीच."

म्हणजे यांनी सगळं पाहिलं होतं. खुर्चीत बसवलेल्या माणसाला बघण्याखेरीज दुसरं काम तरी काय असणार! मला एकदम रडू आलं, आणि त्याचा रागही आला. मी माझ्या रिपोर्टची झेरॉक्स पर्समधून काढून मॅडमपुढे ठेवली. नॉर्मल आहे हे सिद्ध करायला मी ती जवळच बाळगत होते.

त्यांनी वाचली. "हा स्वस्थ पडलेल्या माणसाचा रिपोर्ट आहे, काकू. तुम्हाला दम पडल्यावर लागतो की चालल्यावर?"

"चालल्यावर."

"मग चालतानाच बघायला हवं."

चालता चालता छातीवर मशीन धरता येत नाही, म्हणून त्यांच्याकडे एक वेगळा पलंग होता. त्यावर मागे रेलून पडायचं आणि पायाशी लावलेले सायकलचे पेडल मारायचे. तपासणीला साडी चालणार नव्हती. सुनेने तिचा सैल पंजाबी ड्रेस दिला. शाळेत असताना मुली घालायच्या ते मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं, स्वतः कधी घातला नव्हता. हे मला तशी बघून म्हणाले, "बरी दिसतीस की." आणि मग मॅडमना, "माझीबी करा ही परीक्षा. दोघांचं एकदाच काय ते कळू द्या." मॅडम म्हणाल्या, यांची करायची आहेच.

आधी माझा नंबर लागला. खोली थंड होती. एका तंत्रज्ञ मुलीने मला डावीकडे थोडं कलतं केलं, दंडाला प्रेशरचा पट्टा बांधला, बरगड्यांवर गार जेली लावली. पाय हलवायला सांगितलं. पहिल्यांदा सोपं होतं. मग तिने भार वाढवला, चढ लागल्यावर पेडल जड होतात तसा. मॅडम पडद्याकडे बघत होत्या. माझ्या तोंडून श्वास यायला लागला. सवयीने मी तो दाबायला गेले, तोंड मिटून नाकाने घ्यायला लागले.

"काकू, लपवू नका," मॅडम पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "दम लागू दे. तोच बघायचाय मला."

इतके दिवस मी जी गोष्ट फुलांमागे आणि चपलेमागे दडवत होते, ती आज कुणीतरी मागत होतं. मी तोंड उघडलं आणि मनसोक्त धापा टाकल्या. त्या मुलीने आणखी थोडं, आणखी थोडं म्हणत मला ओढून नेलं. मग पाय थांबले आणि मॅडम म्हणाल्या, "पुरे. दिसलं."

नंतर यांची तपासणी झाली. आत जाताना हे शर्टाच्या बाह्या वर करून गेले, कुस्तीला उतरल्यासारखे. बाहेर आले तेव्हा घामाने भिजले होते, पण हसत होते.

मग मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि मला समजावून सांगितलं. मी जन्मभर मुलांना समजावलेलं असल्यामुळे कोण चांगलं समजावतं ते मला लगेच कळतं. त्या चांगलं समजावत होत्या.

"हृदय दाबून रक्त बाहेर ढकलतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं," त्या म्हणाल्या. "पण ढकलायच्या आधी ते भरावं लागतं. आणि भरायचं तर त्याला सैल व्हावं लागतं. तुमचं हृदय ढकलतं छान. सैल व्हायला मात्र कुरकुर करतं. तुम्ही बसलेल्या असता तेव्हा दोन ठोक्यांच्या मधे भरपूर वेळ असतो, तेवढ्यात ते सावकाश भरून घेतं. म्हणून पडून केलेल्या तपासणीत ते सापडलं नाही. चालायला लागलात की ठोके वाढतात आणि भरायला वेळ कमी उरतो. निरोगी हृदय अशा वेळी आणखी चपळाईने सैल होतं. तुमचं ताठ झालंय, त्याला ते जमत नाही. मग मागून येणाऱ्या रक्ताचा दाब वाढतो, आणि तो मागे मागे फुफ्फुसापर्यंत जातो. तीच तुमची धाप."

"कशानं झालं हे?" मी विचारलं.

"इतक्या वर्षांचं ब्लडप्रेशर, साखर, वजन, वय. सगळ्यांनी मिळून केलंय."

हे मन लावून ऐकत होते. "म्हंजे मोटर चांगली हाय, पण हिरीत पाणीच येळेवर उतरंना."

मॅडम हसल्या. "जवळपास तसंच."

"आन् माझं?"

"तुमचं वेगळं. तुमच्या मोटरची ताकद कमी झालीये, ती झालीच आहे. पण मेहनत केल्यावर भरताना दाब फारसा वाढत नाही. औषधं वेळेवर घेता, चालता, त्याचा हा फायदा."

"मग पिशवी उचलू का?"

"भाजीची ना? उचला की. नको कोणी म्हटलं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टरांनी खरंच कधी तसं म्हटलं नव्हतं. दवाखान्यातून घरी सोडताना पहिले काही आठवडे जपायला सांगितलं होतं. ते आठवडे कधी संपले ते आमच्या घरात कुणी पाहिलंच नाही.

"पण म्हणजे नांगर धरा असं नाही," मॅडमनी लगेच बजावलं. "बेताबेताने."

मला लघवी वाढवणारी एक गोळी मिळाली, ब्लडप्रेशरची बदलून मिळाली, साखरेची एक नवी मिळाली. मीठ कमी. वजन कमी. आणि चालणं बंद नाही, उलट रोज, पण अशा वेगाने की चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की वेग कमी करायचा.

मुलाला सगळं सांगितलं तेव्हा त्याला काही सुधरेना. "म्हणजे आता आईला रेस्ट?" सून म्हणाली, "रेस्ट नाही, मदत." तिने त्या दिवशी धुणंभांड्यांसाठी बाई ठरवली. मला ते आवडलं नाही. कुणी भांडी घासली की मी ती परत बघायची. पेशंट होणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं; यांना खुर्चीत बसवताना कळलं नव्हतं.

यांच्यात मात्र फरक पडला. दूध आणायला हे जायला लागले. मग भाजी. मग गच्चीवर वाळवण घालायलाही हेच, मी खालून सूचना देणार. वाफ्यांकडे पुन्हा जायला लागले, बेताबेताने म्हणत म्हणत. चेहऱ्यावरची ती खिडकीतली कळा गेली. आणि माझ्या चालण्याचे मास्तर झाले.

"बोल," कालव्यावर पोचलो की हे म्हणायचे.

"काय बोलू?"

"कायबी. बोलणं तुटतंय का ते बघायचंय."

पहिल्यांदा मी पाढे म्हटले. एकोणतीसचा पाढा म्हणत पांढऱ्या बुटांतली बाई चाललीये आणि शेजारी नवरा मान हलवतोय, हे बघून सकाळी पळणारी पोरं वळून वळून बघायची. मग पाढ्यांचा यांना कंटाळा आला. म्हणाले, "तुझ्या माहेरचं सांग." मी सांगायला लागले. आमच्या गावाकडची सीताफळं, वडिलांचं किराणा दुकान, शिक्षिका होण्यासाठी पुण्याला वसतिगृहात राहायला आले तेव्हा पहिला आठवडा कशी जेवले नाही ते. लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती आणि यातलं निम्मं यांना माहीत नव्हतं. यांनी कधी विचारलं नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं. दोघांच्या कामाच्या वेळा उलट्यासुलट्या, मुलगा, सासूसासरे, म्हशी, यात कुणाला वेळ होता? आता माझा श्वास मोजायच्या निमित्ताने हे ऐकत होते. गोष्ट रंगात आली आणि माझं वाक्य तुटलं, की हात वर करायचे. "हळू." आम्ही हळू व्हायचो. मग, "हां, मग त्या वार्डनबाईचं पुढं काय झालं?"

सगळं सरळच झालं असं नाही. दुसऱ्या वर्षी पुतणीच्या लग्नात मी लोणचं, पापड, मठ्ठा, काही सोडलं नाही. लघवीची गोळी मुद्दाम टाळली, कार्यालयात सारखं कुठे जायचं म्हणून. तीन दिवसांत पाय सुजले, आडवं पडलं की खोकला यायला लागला, उशा रचून बसून राहावं लागलं. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात राहिले. मॅडम राउंडला आल्या तेव्हा रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "लग्न छान झालं वाटतं." त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे माझ्या पलंगाशी स्टुलावर बसून होते. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही घरी जा, तुम्हाला झेपणार नाही." हे म्हणाले, "माझं पंपिंग तू नको सांगू मला." बाटलीतलं पाणी मला मोजून प्यायचं होतं. ते मोजायचं काम हे करत होते, आणि त्यात यांनी मला एक घोटही जास्त दिला नाही.

त्यातून बरी झाले. वर्षभराने पुन्हा त्या पलंगावर पेडल मारले, या खेपेला माझ्या स्वतःच्या पंजाबी ड्रेसमध्ये. तोवर दोन शिवून घेतले होते. मॅडम म्हणाल्या, दाब अजूनही वाढतो, पण पहिल्याइतका लवकर नाही. "हृदय पुन्हा तरुण होणार नाही, काकू. पण तुम्ही त्याला सांभाळून घ्यायला शिकलात." मी विचारलं, किती वर्षं असं चालेल? त्या म्हणाल्या, ते त्या मशीनमध्ये दिसत नाही.

मागच्या दिवाळीनंतर खालचे भाडेकरू गेले, तेव्हा मी आणि हे तळमजल्यावर राहायला आलो. हे आधी तयार नव्हते. वरून दूरवरचं उसाचं एक शेत अजून दिसायचं. मी म्हटलं, तुम्ही रोज वर जाऊन बघून या, तुम्हाला जिना चढायला परवानगी आहे. तसं हे जातात. मी खाली भाजी निवडत बसते. रस्ता अगदी दाराशी आहे, गाड्यांचा आवाज पहाटेपासून सुरू होतो. पहिले काही दिवस झोप लागायची नाही. आता सवय झाली.